विश्लेषण : मूत्रपिंड बिघडले की हृदयावर ताण का येतो? दोनशे वर्षांपूर्वी डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्या हाती लागलेला धागा

उच्च रक्तदाबाचा रुग्ण तपासणीसाठी गेला की डॉक्टर लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासायला सांगतात. त्रास रक्तदाबाचा असताना तपासणी मूत्रपिंडाची कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो. उलट मूत्रपिंडाच्या रुग्णाचा रक्तदाब दर भेटीत मोजला जातो आणि हृदयाची सोनोग्राफीही करून घेतली जाते. हे दोन अवयव एकाच दुखण्यात सापडतात, हे सर्वप्रथम ठामपणे दाखवून दिले ते लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. त्या वेळी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते. मूत्रपिंड नेमके काय करते, यावरही एकमत नव्हते. ब्राइट यांना हा संबंध कसा दिसला आणि त्यामागचे कारण आज कसे समजावले जाते, याचा हा आढावा.

रिचर्ड ब्राइट कोण होते?

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात झाला. वडील श्रीमंत व्यापारी आणि बँकर होते. घरी पैशांची ददात नव्हती. १८०८ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले आणि वैद्यकाकडे वळले. मात्र त्यांचे लक्ष एका विषयापुरते कधीच नव्हते. १८१० मध्ये सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या मोहिमेबरोबर ते आइसलँडला गेले आणि तिथल्या वनस्पती व प्राण्यांच्या नोंदी त्यांनी केल्या. त्यानंतर गाईज हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घेऊन १८१३ मध्ये एडिंबरातून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखण्यासाठी व्हिएन्नात परिषद भरली होती. त्या काळात ब्राइट तिथे होते. तेथून ते हंगेरीत फिरले आणि त्या प्रवासावर त्यांनी १८१८ मध्ये एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातली अनेक चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. चित्रकाराची ही नजर पुढे त्यांच्या वैद्यकीय कामात फार उपयोगी पडली.

लंडनमधील तापाच्या रुग्णालयात काम करताना त्यांना स्वतःलाच ताप जडला आणि ते मरता मरता वाचले. १८२० मध्ये गाईजमध्ये ते सहायक डॉक्टर झाले आणि १८२४ मध्ये पूर्ण वेळच्या पदावर आले. १८२२ मध्ये मार्था बॅबिंग्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पण मुलाच्या जन्मानंतर, १८२३ मध्ये त्या वारल्या. त्यानंतरची काही वर्षे ब्राइट यांच्या सर्वांत महत्त्वाच्या कामाची ठरली.

चमचा आणि मेणबत्तीने काय सापडले?

गाईज हे मुख्यतः गरिबांचे रुग्णालय होते. तिथे अंगावर सूज घेऊन येणारे रुग्ण नेहमीचे होते. कुणाचे पाय सुजलेले, कुणाच्या पोटात पाणी झालेले, कुणाचा चेहरा सकाळी ओळखू येणार नाही इतका फुगलेला. त्या काळी सूज हाच रोग मानला जाई. यकृत, हृदय, छाती असे अनेक अवयव संशयाच्या यादीत होते. मूत्रपिंडाकडे मात्र फारसे कुणी पाहत नव्हते.

अशा काही रुग्णांची लघवी तापवली तर ती गढूळ होते, हे ब्राइट यांच्या आधीच्या काही डॉक्टरांना माहीत होते. अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसेच हे आहे. लघवीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असेल तर उष्णतेने ते गोठते. ब्राइट यांनी ही तपासणी खाटेजवळची केली. छोट्या चमच्यात थोडी लघवी घ्यायची आणि ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. निरोगी माणसाची लघवी साधारणतः स्वच्छ राहते. आजारी माणसाच्या चमच्यात पांढरट साका जमतो.

त्यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत होते. हे रुग्ण दगावले की ते शवविच्छेदन करत आणि त्यात मूत्रपिंडे बारकाईने पाहत. कधी ती मोठी व फिकट दिसत, तर कधी आक्रसलेली, कडक आणि खरखरीत. अंगावरची सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड या तीन गोष्टी एका ओळीत मांडून त्यांनी १८२७ मध्ये आपल्या रुग्णांच्या नोंदींचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात रोगट मूत्रपिंडांची रंगीत चित्रे होती. रासायनिक तपासण्यांसाठी सहकारी जॉन बोस्टॉक यांची मदत त्यांनी घेतली होती. लघवीतून बाहेर पडायला हवा तो युरिया या रुग्णांच्या रक्तात साठतो, हेही याच काळात समजू लागले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे मूत्रपिंडाच्या दाहाला ‘ब्राइटचा रोग’ असेच म्हटले जात होते.

कारणांबाबत त्यांचे अंदाज आज अपुरे वाटतात. थंडी-ओल अंगावर घेणे आणि अतिमद्यपान यांवर त्यांचा भर होता. मात्र लहान मुलांत लोहितांग ज्वर म्हणजे स्कार्लेट फीव्हर येऊन गेल्यावर मूत्रपिंड बिघडते, हे त्यांचे निरीक्षण टिकून राहिले.

शंभर रुग्णांच्या तक्त्यातले कोडे कोणते?

१८३६ मध्ये गाईज हॉस्पिटलच्या अहवालात ब्राइट यांनी अशा शंभर रुग्णांचा तक्ता छापला. सर्वांची लघवी अल्ब्युमिनयुक्त होती. मृत्यूनंतर कोणत्या अवयवात काय आढळले, हे त्यात रकान्यांत नोंदवलेले होते. मूत्रपिंडाचा आजार असताना हृदयाच्या रकान्याने त्यांचे लक्ष वेधले. ५२ जणांचे हृदय जाड झालेले होते.

हृदयाची झडप खराब असेल तर रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागतो आणि हृदयाचा स्नायू जाड होतो, हे तेव्हाही माहीत होते. म्हणून ब्राइट यांनी झडपा पाहिल्या. ५२ पैकी ३४ जणांच्या झडपा पूर्ण निरोगी होत्या. मग त्यांनी महाधमनी पाहिली. काहींच्या महाधमनीच्या भिंतीत दोष सापडला. ते रुग्ण वगळले तरी २३ जण असे उरले, की ज्यांचे हृदय जाड होण्याला कोणतेही कारण दिसत नव्हते. त्यांच्यात समान होते ते फक्त बिघडलेले मूत्रपिंड. जाडीही बहुतेक वेळा डाव्या कप्प्यात होती. साऱ्या शरीरात रक्त ढकलणारा कप्पा तोच.

ब्राइट यांनी दोन शक्यता मांडल्या. मूत्रपिंड बिघडल्याने रक्ताची प्रत बदलते आणि असे रक्त हृदयाला सतत उत्तेजित करते, ही पहिली. दुसरी अशी, की या बदललेल्या रक्ताचा परिणाम शरीरातील अगदी बारीक वाहिन्यांवर होतो, त्यांतून रक्त ढकलणे अवघड जाते आणि हृदयाला जादा काम करावे लागते. दुसरी शक्यता म्हणजे आजच्या भाषेत उच्च रक्तदाबच. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी आणले ते १८९६ मध्ये, म्हणजे या तक्त्यानंतर ६० वर्षांनी.

१८४२ हे वर्ष महत्त्वाचे का?

ब्राइट १८३७ पासून राणी व्हिक्टोरिया यांच्या मानद डॉक्टरांपैकी एक होते. लंडनमध्ये त्यांच्या नावाला वजन होते. त्या बळावर १८४२ मध्ये त्यांनी गाईजमध्ये एक नवा प्रयोग केला. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ४२ खाटांचे दोन वॉर्ड काही महिन्यांसाठी राखून ठेवण्यात आले. एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. आणि दोहोंच्या मध्ये चर्चेची खोली व छोटी प्रयोगशाळा. एकाच आजाराचे रुग्ण एकत्र ठेवून, त्यांच्यावर देखरेख करत खाटेशेजारीच तपासण्या करण्याची ही पद्धत तेव्हा जवळजवळ कुठेच नव्हती. आजच्या संशोधन वॉर्डांची ही सुरुवात मानली जाते.

त्याच वर्षी लंडनमध्येच विल्यम बोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाची रचना उलगडली. बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला वाटीसारखे वेढून पुढे जाणारी नळी, अशी ती जोडणी होती. आणि त्याच वर्षी जर्मनीतील मारबुर्ग येथे कार्ल लुडविग या तरुण शास्त्रज्ञाने मांडले, की रक्ताच्या दाबामुळे या गुच्छातून पाणी गाळले जाते आणि नळीतून जाताना त्यातले बरेचसे परत शोषले जाते. तीन ठिकाणी तीन माणसे एकाच अवयवाकडे पाहत होती. ब्राइट यांना परिणाम दिसत होता, बोमन यांना रचना आणि लुडविग यांना कार्य.

पण रुग्णांच्या हाती त्यातून काही लागले नाही. ब्राइट यांच्याकडे उपाय होते ते रक्त काढणे, जुलाब, गरम पाण्याचे शेक आणि पथ्य एवढेच. आजार अचूक ओळखता येत होता, रोखता मात्र येत नव्हता. पुढे ब्राइट गाईजमधून निवृत्त झाले. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमधील घरी, वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इतरांच्या हृदयाची जाडी तपासणाऱ्या या डॉक्टरचा मृत्यू हृदयाच्याच आजाराने झाला. महाधमनीच्या झडपेचा विकार त्यांना होता.

मूत्रपिंड गाळणीचा वेग कसा सांभाळते?

ब्राइट यांचे कोडे समजून घ्यायचे तर लुडविग यांच्या मुद्द्यापासून सुरुवात करावी लागते. गाळण रक्ताच्या दाबावर चालते. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे घटक असतात. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा या दोन छोट्या अवयवांकडे येतो. त्यातून मिनिटाला अंदाजे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते ती जेमतेम दीड लिटर. बाकी सारे परत रक्तात घेतले जाते.

आता असे समजा, की जिना चढताना रक्तदाब २५ टक्क्यांनी वाढला आणि गाळणही त्याच प्रमाणात वाढले. दिवसाच्या हिशेबात १८०चे २२५ लिटर होतील. नळ्या पूर्वीइतकेच परत घेत राहिल्या तर उरलेले ४५ लिटर जादा पाणी लघवीतून जाईल. शरीरातील रक्तद्रव सगळा मिळून फक्त तीन लिटर असतो. म्हणजे थोड्याच वेळात माणूस कोरडा पडेल. उलट दाब कमी झाला तर गाळण थांबेल आणि विषारी द्रव्ये साठतील. प्रत्यक्षात सरासरी रक्तदाब साधारण ८० ते १८० मिलिमीटरच्या दरम्यान वर-खाली झाला तरी गाळणीचा वेग फारसा हलत नाही. हे काम मूत्रपिंड स्वतः करते. शरीराबाहेर काढून त्यातून रक्त खेळवले तरी ही क्षमता दिसते.

त्याची युक्ती गुच्छाच्या दोन टोकांना आहे. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या आधी धमनी आणि नंतर शीर असते. इथे मात्र आत येणारीही छोटी धमनी आणि बाहेर जाणारीही छोटी धमनी. शेतातल्या पाटाला दोन्ही बाजूंनी दारे असावीत तसे. आतले दार आवळले की गुच्छातला दाब उतरतो, बाहेरचे आवळले की चढतो.

आतल्या दाराचे नियंत्रण दोन प्रकारे होते. पहिला प्रकार अगदी साधा आहे. दाब वाढून या धमनीची भिंत ताणली गेली की तिचा स्नायू आपोआप आकसतो आणि दाबाचा धक्का गुच्छापर्यंत पोहोचू देत नाही. दुसरा प्रकार जरा चतुर आहे. गाळलेला द्रव घेऊन निघालेली नळी वळसा घालून पुन्हा आपल्याच गुच्छापाशी येते. तिथे तिच्या भिंतीत काही खास पेशी असतात. त्या द्रवातील मिठाचा अंदाज घेतात. मीठ जास्त आले, तर गाळण फार वेगाने चालले आहे असा त्याचा अर्थ. मग त्या आतली धमनी आवळायला लावतात. मीठ कमी आले, तर ती सैल करायला लावतात.

मग रक्तदाब का वाढतो?

मीठ कमी पोहोचले की याच ठिकाणाहून आणखी एक आदेश निघतो. आतल्या धमनीच्या भिंतीतील पेशी रेनिन नावाचे विकर रक्तात सोडतात. धमनीतला दाब घटला, तरी या पेशी तेच करतात. रेनिनमुळे यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा पडतो. तो तुकडा मुख्यतः फुप्फुसांतून जाताना आणखी छाटला जातो आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते.

हे द्रव्य पहिल्यांदा मूत्रपिंडातील बाहेरचे दार आवळते. आत येणारे रक्त कमी असले तरी गुच्छातला दाब आणि गाळण टिकून राहते. जुलाब, रक्तस्राव, कडक उन्हात घाम अशा वेळी याच सोयीने जीव वाचतो. पण अँजिओटेन्सिन-२ तेवढ्यावर थांबत नाही. ते साऱ्या शरीरातील बारीक धमन्या आवळते, अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेऊन मीठ-पाणी शरीरात रोखून धरायला लावते आणि तहानही वाढवते. परिणामी सगळ्या शरीराचा रक्तदाब चढतो.

रक्त खरोखरच कमी पडले असेल तेव्हा हे योग्यच असते. पण मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली किंवा आतल्या गुच्छांना इजा झाली, तर मूत्रपिंडाला रक्त अपुरे वाटते आणि शरीरात रक्त पुरेसे असूनही ते दाब वाढवतच राहते. त्याशिवाय निकामी होणारे मूत्रपिंड मीठ नीट बाहेर टाकू शकत नाही, त्यानेही दाब वाढतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याला या वाढलेल्या दाबाविरुद्ध रात्रंदिवस काम करावे लागते आणि त्याची भिंत जाड होते. ब्राइट यांच्या तक्त्यातील त्या २३ हृदयांचे कारण बहुतांशी हेच.

धागा पुढे कोणी नेला?

पहिली मोठी भर पडली ती गाईजमध्येच. फ्रेडरिक अकबर मोहम्मद या तरुण डॉक्टरने १८७०च्या दशकात नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले. त्यांचे आजोबा साके दीन मोहम्मद हे मूळचे पाटण्याचे. १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय पद्धतीचे भोजनगृह उघडणारे ते हेच. स्कार्लेट फीव्हरच्या रुग्णांत लघवीत अल्ब्युमिन दिसण्याआधीच नाडीतला दाब वाढतो, असे नातवाला आढळले. पुढे त्यांनी दाखवले, की मूत्रपिंड चांगले असलेल्या माणसातही रक्तदाब वाढलेला असू शकतो. ब्राइट यांची साखळी मूत्रपिंडाकडून हृदयाकडे जात होती; ती उलट दिशेनेही चालते, हे त्यामुळे समोर आले. १८८४ मध्ये, अवघ्या ३५व्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला.

१८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. हे संशोधन तीसेक वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेले. १९३४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने थोडी आवळली आणि रक्तदाब चढून टिकून राहिला. १९४०च्या सुमारास अमेरिका आणि अर्जेंटिना येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे अँजिओटेन्सिन शोधले. १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा माग ब्राझीलमधील एका सापाच्या विषावरून लागला होता.

आज रुग्णासाठी याचा अर्थ काय?

वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला की आतल्या दाराची पकड सैल पडते. मधुमेहात तर ते दार सुरुवातीपासूनच जास्त उघडे राहू लागते. मग दाबाचा मारा थेट गुच्छावर होतो, गाळणी फाटू लागते आणि अल्ब्युमिन गळते. काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढतो आणि तेही लवकर थकतात. या साऱ्यात दुखत काहीच नाही. सूज येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी, असे सांगितले जाते. क्रिएटिनिनवरून गाळणीच्या वेगाचा अंदाज काढता येतो.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेली औषधे अँजिओटेन्सिनला अडवतात. बाहेरचे दार थोडे सैल होते, गुच्छातला दाब उतरतो आणि अल्ब्युमिनची गळती कमी होते. दाब उतरल्याने सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढू शकते. तो आकडा पाहून घाबरून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावा. जुलाब-उलट्या होत असताना मात्र याच गोळ्यांबाबत तातडीने विचारून घ्यावे, कारण त्या वेळी मूत्रपिंडाला बाहेरच्या दाराचा आधार लागतो. अंगदुखीच्या अनेक गोळ्या आतले दार उघडे ठेवणारी द्रव्ये रोखतात. त्या मनाने रोज घेणे धोक्याचे. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, असा आहे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे.

ब्राइट यांनी चमच्यात पाहिलेला पांढरा साका आता प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये मोजला जातो आणि चमच्यात दिसण्याच्या कितीतरी आधी कळतो. त्यांच्या वॉर्डातील रुग्णांना निदान मिळत होते, पण वेळ हातची गेलेली असे. आज ती वेळ हातात असते, मात्र लघवीची तपासणी वेळेवर करून घेतली तरच.